टांगणीला

पुन्ता अरेनासला वारा थांबत नाही,
दम खातो, इतकंच.
त्या दमाच्या हिशोबानं
नेल्दा ओयार्सूनच्या गॅरेजचा पत्रा वाजतो,
आणि खाली मी, उमेदवारीचं पहिलं वर्ष,
टॉर्च धरून उभा.
टॉर्च धरणं हेही काम असतं.
हलली की शिवी बसते.

बावदिलिओची टॅक्सी कण्हतच आत आली.
गिअर टाकला की इंजिन उशी फेकल्यासारखं उडायचं.
माउंटिंगचं रबर आतून पार भुगा झालेलं.

नेल्दानं भिंतीवरचा दांडा काढला.
तिच्या बापानं, सेगुंदिनोनं,
मोडीत निघालेल्या जहाजाच्या कठड्यातून तो कापला होता;
दोन्ही टोकांना रबरी बूट, मधोमध आटे पाडलेला हूक,
हुकाला साखळी.
"पत्र्यावर टेकवू नकोस, पत्रा म्हणजे गाल, आत जातो.
बॉनेटच्या कडेखाली पन्हळ दिसते? तिथं टेकव.
तिथं हाड आहे."

मी जोर लावून नट फिरवला.
साखळी ताठ झाली, इंजिन वर यायला लागलं.
मला वाटलं, शाबास.
तिनं माझ्या मनगटावर पाना ठेवला.
मारला नाही, ठेवला.
"उचलायला कोणी सांगितलं?
वजन घे फक्त.
बोल्ट बोटानं सुटेल इतकंच.
जास्त घेतलंस तर पलीकडचं रबरही फाटेल,
मग दोन घरची पापं तुझ्या डोक्यावर."

अर्धा आटा मागे.
अजून पाव.
बोल्ट बोटानं सुटला.

आणि नवं माउंटिंग आलंच नाही.
उत्तरेचा ट्रक अर्जेंटिनातून वळसा घालून येतो,
तिकडे रस्ता बर्फानं बंद.
अकरा दिवस इंजिन साखळीला,
खाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक,
चुकून काही झालंच तर.

बावदिलिओ रोज यायचा.
पालथ्या क्रेटवर बसून कडू येर्बा ओढायचा,
कधी बोलायचा, बहुधा नाही.
"ह्या इंजिनावर माझं छप्पर झालं,
पोरगी नर्स झाली," एकदा म्हणाला,
आणि लगेच हवामानावर घसरला.
चौथ्या दिवशी त्यानं घोंगडी आणली.
नेल्दा हसली नाही.
गरम बल्ब लागेल असं पाहून
तिनंच ती नीट पांघरली.

सातव्या रात्री वारा दम खायला विसरला.
वीज गेली, पत्र्याचं एक पान उडालं,
आणि माळ्यावर झोपलेल्या मला
खाली दार बडवल्याचं ऐकू आलं.
पायात वहाणा, अंगात बायकोचा कोट, बावदिलिओ.
"बघ ना, हलतंय का?"
टांगणीला इंजिन होतं,
झोप मात्र त्याची उडाली होती.
टॉर्च मारली.
साखळी ओळंब्यासारखी सरळ.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो,
बराच वेळ,
जसं काही ती आता काहीतरी सांगेल.

ट्रक शेवटी आला.
चार बोल्ट, एक कंस, काळं रबर,
त्याला अजून कारखान्याचा वास.
नेल्दा हूक सोडू लागली,
चतकोर आटा, थांब, चतकोर.
इंजिन खाली बसत होतं,
दोन मिलिमीटर, तीन,
आणि अचानक दिसलं:
बावदिलिओनं हात खाली धरलाय,
उघडा तळवा,
सव्वाशे किलोच्या खाली.

"हात काढ, मूर्खा!"
त्यानं काढला. लाजला.
तळव्यावर कसलाही डाग नव्हता,
तरी पँटला पुसला.

रबरनं वजन घेतलं तेव्हा
एकच आवाज झाला, खुर्चीत कोणी बसावं तसा.

दांडा पुन्हा खिळ्यावर गेला.
साखळी थोडा वेळ झुलत राहिली.
नेल्दा म्हणाली, "दार लाव, वारा येतोय."
दार लावलेलंच होतं.